मासळी खात्यात गेलेला अर्ज

भैय्यालाल मेश्राम नौदलातून निवृत्त होऊन रायपूरच्या गुढियारी भागातल्या घरी परतला, तेव्हा रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. नव्या सरकारच्या हेलिकॉप्टरच्या देखभालीसाठी मेकॅनिक पाहिजे, अशी जाहिरात आली. पंधरा वर्षं त्यानं हेच केलं होतं. अर्ज स्वतः नेऊन दिला.

दोन महिने उत्तर नाही. चौकशीला गेला तर कार्यालयच दुसऱ्या इमारतीत गेलेलं. तिथल्या बाबूनं रजिस्टर चाळलं.

"नौसेना ना? आपका तो मछली विभाग भेज दिया, भैया."

"काहून?" भैय्यालालच्या तोंडून मराठीच निघालं. "मी हेलिकॉप्टर दुरुस्त करत होतो!"

"तो नौसेना क्यों लिखा?"

मासळी खात्यात क्षमा देशकर नावाच्या अमरावतीकडच्या बाई होत्या. तलावांच्या ठेक्यांच्या गठ्ठ्यातून त्यांनी अर्ज शोधून काढला, वाचला आणि विचारलं, "पण जहाजावर हेलिकॉप्टर कशाले लागते, भाऊ?"

रायपुरात हे कोणी पहिल्यांदाच विचारलं होतं. भैय्यालाल खुर्ची ओढून बसला.

"आधी समुद्रात पडलेल्या माणसाले उचलाले लागे. मंग त्याले रडार आलं, टॉर्पेडो आले. आता ते पाण्यावर एका जागी थांबून राहते, अन् केबलनं ऐकायचं यंत्र खाली पाण्यात सोडते. पाणबुडी कुठं लपून राहिली ते कळते. जहाजावर उतरलं का पाती दुमडायची, तवा ते आत मावते. खाऱ्या हवेनं गंज धरते, म्हणून आम्ही रोज धुवून पुसत होतो, मॅडम. लेकरासारखं."

बाईंनी अर्ज चुकून इकडे आल्याचं पत्र हातोहात लिहून दिलं. भैय्यालालनं भर उन्हात परत त्या बाबूकडे सायकल दामटली.

बाबूनं पत्र वाचलंही नाही. "पद तो पिछले हफ्ते भर गया. और वैसे भी आपका समुंदर वाला है. हमको जमीन वाला चाहिए था."

"जमिनीवर चालते का हेलिकॉप्टर?" भैय्यालाल एवढ्यानं ओरडला की बाहेरचा शिपाई आत आला. बाबूनं शांतपणे पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी बायकोनं, सरलानं, पाण्याचा गिलास पुढं केला. त्यानं तो तसाच ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात शहराबाहेर बीरगावच्या एका कारखान्यात त्याला पंप दुरुस्तीचं काम मिळालं. सुपरवायझरनं विचारलं, "पहले क्या करते थे?"

भैय्यालालनं पाना उचलला. "मशीन का काम," तो म्हणाला, आणि खाली बसून नट सैल करू लागला.