मागून येणारा आवाज

"गाडीला काही झालेलं नाही. या दोघी बहिणींच्या कानांना झालंय," भावोजी गाडीची काच पुसता पुसता पुटपुटले. म्हणजे आपण पुटपुटलो असं त्यांना वाटलं. ते मला आणि ताईला तर ऐकू आलंच, पण पलीकडच्या फुटपाथवर शटर वर करणाऱ्या दुकानदारानेही वळून पाहिलं. हल्ली भावोजींचं पुटपुटणं असंच असतं.

गाडी जुनी घेतलेली, पण चारही चाकांनी ओढणारी. भाचीचं, म्हणजे ताईच्या लेकीचं, घर डोंगरावर, शेवटचा चढ कच्चा, तिथे साधी गाडी नुसती चाकं फिरवत उभी राहते. भाची नुकतीच बाळंत झाली होती आणि येत्या शनिवारी तिला आणि बाळाला खाली आणायचं ठरलं होतं. आणणार अर्थात भावोजी. उभ्या आयुष्यात त्यांनी गाडीला ओरखडा येऊ दिलेला नाही. फक्त ही गाडी काही महिन्यांपासून मागच्या बाजूला बारीक आवाजात रडत होती. ताईला आणि मला त्या रडण्याने नकोसं करून सोडलं होतं. भावोजी म्हणायचे, कुठे आहे आवाज? आणि ताई म्हणायची, तुमचं लक्ष नसतं.

लक्ष हा आमच्या घरातला फार कामाचा शब्द आहे. पाहुणे बेल वाजवून वाजवून परत गेले, भावोजींचं लक्ष नव्हतं. फोन उशाशी वाजत राहिला, लक्ष नव्हतं. टीव्ही शेजाऱ्यांना पाठ झाला, तोही त्यांचं लक्ष नव्हतं म्हणूनच. त्या एका शब्दाचं पांघरूण आम्ही सगळ्यांनी मिळून इतकं नीट खोचलं होतं की खाली काय आहे ते बघायला कुणी जात नव्हतं.

गॅरेजमधला मेकॅनिक घसा बसलेला, आडव्या अंगाचा माणूस होता. त्याची एक रीत होती. गाडीला हात लावण्याआधी तो गिऱ्हाइकाला तोंडाने आवाज काढून दाखवायला लावायचा. ताई आधी लाजली, मग ओठ मिटून तिने नाकातून एक सूर काढला, बाटलीत कोंडलेल्या डासासारखा. मीही तोच काढला, किंचित वरचा. आम्ही बहिणी बेसूर खऱ्या, पण एकदिलाने बेसूर. मग भावोजींची पाळी आली. त्यांनी आमच्या तोंडांकडे नीट पाहून घेतलं होतं. छाती भरून ते म्हणाले, "घर्रर्र."

मेकॅनिकने मान तिरकी केली. घर्रर्र असेल तर चाकाचं बेअरिंग, तो म्हणाला. बारीक सूर असेल तर मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी. दोन्ही दुखणी निराळी. तेव्हा एक चक्कर मारू या, चालवायचं भावोजींनी, आवाज सुरू झाला की स्टिअरिंगवरचं बोट वर करायचं, थांबला की खाली.

तो माझ्या शेजारी मागे बसला आणि सीटला कान लावला. गाडीने वेग घेतला, रडणं सुरू झालं आणि भावोजींचं बोट वर गेलं. वेग उतरला, बोट खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. एकदाही चुकलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. मनातल्या मनात मी स्वतःला चार शब्द सुनावलेही, की उगाच काहीबाही मनात आणतेस.

मग मला ताईचा हात दिसला. तो दोन सीटांच्या मधे, भावोजींच्या कोपराशी होता. सूर सुरू झाला की तिची करंगळी त्यांच्या बाहीला लागायची. सूर थांबला की सुटायची. दोघंही समोर रस्त्याकडे बघत होते. इतकं सराईत होतं ते, की हे आज सुरू झालेलं नाही हे सांगायला मेकॅनिक लागत नव्हता.

दुसऱ्या चकरेला त्याला पुढची सीट हवी होती. अॅक्सिलरेटर सोडल्यावर सूर कसा बदलतो ते बघायचं होतं. ताई म्हणाली, मागे बसलं की मला गाडी लागते. तिला आजवर कधीच गाडी लागलेली नाही. शेवटी ती मागे आली आणि तिने माझा हात धरला.

सूर सुरू झाला. बोट हललं नाही. सूर चढला, माझ्या दाढांत शिरला, तरी बोट तिथेच. मेकॅनिकने बोटाकडे पाहिलं, मग भावोजींच्या चेहऱ्याकडे, मग खिडकीबाहेर. पुढे उतारावर गाडी अगदी गप्प झाली, तेव्हा बोट हळूच वर आलं, वर्गात उत्तर न येणारं पोर आशेने हात वर करतं तसं.

मागून मोटारसायकलचा कर्कश हॉर्न वाजला. वाजतच राहिला. भावोजींनी शांतपणे गाडी त्याच बाजूला, मोटारसायकलच्या वाटेत, घ्यायला सुरुवात केली. मेकॅनिकने एकदम हात घालून स्टिअरिंग धरलं. मोटारसायकल आरशाला चाटून गेली, मागे बसलेल्या बाईचं तोंड रागाने उघडं.

"कुठून उगवला हा?" भावोजी म्हणाले. "निदान हॉर्न तरी वाजवायचा."



गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढली. मेकॅनिकने मागच्या पेटीतलं तेल थाळीत उतरवलं. काळंकुट्ट तेल. थेंब बोटांत चोळला तर त्यात धातूची चमक होती. आतलं बेअरिंग झिजलंय, तो म्हणाला, आणि हा आवाज काही कालपरवाचा नाही, गाडी महिनोन्महिने सांगत असणार. एवढं बोलून तो थांबला आणि हात गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत राहिला. काम होईल म्हणाला. शुक्रवारी संध्याकाळी गाडी न्या.

भावोजी एकदम खुलले. शनिवारी पहाटेच निघतो म्हणाले. बाळाची सीट त्यांनी घरी तीन-तीनदा बांधून, सोडून पाहिली होती, आतमध्ये उशी ठेवून. मेकॅनिकला ते हातवारे करून दाखवू लागले. "बाळ मागे, बरोबर माझ्या पाठीशी. म्हणजे रडलं की मला लगेच कळेल."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे, ताईने तेलाच्या थाळीकडे. मग मी त्यांच्या समोर जाऊन थट्टेवर नेलं. म्हटलं, भावोजी, या वेळी मी चालवते, माझं लायसन्स कपाटात गंजतंय.

"मेहुणीबाई, तुम्ही चालवणार असाल तर बाळ तिकडेच शाळेत जाऊ द्या. मोठं झालं की चालत येईल."

सगळे हसले, मीसुद्धा. आणि विषय पुन्हा पांघरुणाखाली गेला.

कोपऱ्यातला हवेचा कॉम्प्रेसर धडधडायला लागला. भावोजी पाठमोरे वाकून लिफ्टखालून गाडीचं पोट न्याहाळत होते. ताई त्यांच्या मागे उभी राहून काहीतरी बोलली. त्यांनी वळून पाहिलं नाही. ती पुन्हा बोलली. ते तिकडे बघूनच म्हणाले, काय मजबूत गाडी आहे बघ.

मग ताई वळसा घालून त्यांच्या समोर गेली. त्यांच्या हातातली किल्ली तिने आपल्या हातात घेतली, हात मात्र सोडला नाही. कॉम्प्रेसर थांबेपर्यंत थांबली. भावोजींनी हसून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या ओठांकडे.

"अहो," ती म्हणाली, सावकाश, एकेक शब्द त्यांच्या नजरेसमोर ठेवत, "तुमचं लक्ष असतं. सगळीकडे असतं. तुम्हाला ऐकू येत नाही."