पट्टीखालची ओळ

प्लॅस्टिकची ती फूटपट्टी एका टोकाला चावल्यासारखी तुटलेली होती, शून्यच नव्हतं तिला—आणि चौतीस वर्षं कारखान्यात गणवेशाचं कापड बेतणाऱ्या तिला आधी तेच खुपलं, की असल्या पट्टीनं मोजतं का कुणी... पण पेन्शनचा कारकून मोजत नव्हताच, त्यानं ती तक्त्यातल्या तिच्या जन्मसालाखाली नुसती टेकवली होती.

"मावशी, तुमच्या सालाला सरासरी अजून चोवीस वर्षं आयुष्य धरलंय. आणि काकांच्या..." पट्टी नऊ ओळी वर सरकली. "तेरा."

चोवीसातून तेरा. वजाबाकी आपोआप झाली, ताग्यातून कापड उतरावं तशी, आणि अकराचा तुकडा हातात उरला. अकरा वर्षं. एकटीची. छापून ठेवलेली—कधीपासून? आज सकाळीच त्याचा चष्मा सापडत नाही म्हणून ती शेजारी बसलेल्या या नवऱ्यावर ओरडली होती, आणि तो देवापुढे आपलं बेसूर भजन म्हणत बसला होता, एकच कडवं चारचारदा, जसं काही वेळच वेळ आहे...

"अर्जातल्या पहिल्या चौकोनात खूण केलीत तर पूर्ण रक्कम, पण तुम्ही आहात तोवरच. दुसऱ्यात केलीत तर थोडी कमी, मात्र तुमच्यामागे काकांना चालू राहील. तक्ता पाहता..."

"पहिल्यात कर गं," नवरा म्हणाला. "मी कसला उरतोय तुझ्यामागे! तेरा म्हणजे चंगळच की. मला वाटलं, हा दोनच सांगतोय."

हसता हसता त्याला खोकला आला, आणि ती ठसके मोजू लागली—एक, दोन... शी!

तिनं पेन दुसऱ्या चौकोनावर नेलं. उरू दे त्याला, पडू दे तक्ता खोटा. कमी तर कमी. आपल्याच मोठ्या मनानं तिचे डोळे भरून यायचे, तेवढ्यात लख्ख दिसलं—स्वयंपाकघरात तो चष्मा शोधतोय, आणि ओरडायला कुणी नाही. ती एकटेपणाची अकरा वर्षं आपण त्याच्या अंगावर टाकतोय. आपल्याला नकोत म्हणून. देवा, एवढ्याचसाठी...

"काय झालं गं?"

"काही नाही. चष्मा घेतलात ना?"

"हा काय, डोक्यावर."

तिनं वर पाहिलं. होता. आणि कापडाचे चाळीस थर एकदम कापताना कधी न अडलेला तिचा हात दोन चौकोनांच्या मधे, कागदापासून बोटभर वर, अडून राहिला.