वेस्ट व्हर्जिनियाहून लिडा बोलतेय

माझ्या आईला मरायला सवड नव्हती. नर्सने मला अंगणात बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता आठवडा निघाला तर खूप झालं. आईने ते खिडकीतून ऐकलं, आणि नर्स आत आल्यावर तिलाच दटावलं, "रविवार दुपारपर्यंत मी कुठेही जात नाही. त्यानंतर तुझं चालू दे."

रविवारी दुपारी टीव्हीवर प्रोफेसर थर्मन येणार होता. चॅनेल तोच, आईचा. आठवडाभर वॉशिंग्टनच्या सभागृहातली भाषणं आणि शनिवार-रविवार देशाचा इतिहास. जाहिरात नाही, गाणं नाही, दोन माणसं खुर्च्यांत बसून बोलतात आणि मग देशभरातून लोक फोन करून त्यांची अक्कल काढतात. त्या अक्कल काढणाऱ्यांत आमची आई आघाडीवर. एकेक पाहुण्याला तिने पाणी पाजलं आहे. कार्यक्रम चालवणारा नील तिला आवाजावरून ओळखतो. "वेस्ट व्हर्जिनियाहून लिडा," असं तो म्हणाला की आमच्या टार्न क्रीक गावात लोक हातातलं काम ठेवतात. तोंडावर कौतुक कोणी करत नाही. हृश्काच्या मुलीचं कौतुक कोण करणार?

श्टेफान हृश्का म्हणजे माझे आजोबा. १९३८ साली सहा नंबरच्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला, पाळीवरची सगळी माणसं गेली, आजोबाही गेले. कंपनीने चौकशी केली आणि सांगितलं, हृश्काने चोरून पाईप आत नेला, काडी ओढली, गॅस पेटला. संपलं. खाणीतला गॅस बाहेर काढणारा कंपनीचा पंखा महिनाभर बंद होता म्हणणारे लोक होते, पण पंख्यावर राग धरता येत नाही, माणसावर धरता येतो. चर्चसमोरच्या दगडावर सगळ्यांची नावं आहेत, आजोबांचं नाही. आई तेव्हा सात वर्षांची होती. शाळेत तिच्या शेजारी कोणी बसत नसे. पुढे माझ्याही शेजारी कोणी बसत नसे.

आणि आता थर्मनने त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. एका माणसाची तलफ आणि एवढे बळी, असा त्याचा सूर. मी त्याच्या कॉलेजात फोन लावला होता. आवाज गोड, अगदी साखर पेरलेला. "तुमच्या भावना मी समजू शकतो, पण इतिहास कागदपत्रांवर चालतो." मी म्हटलं, कागद कंपनीचे आहेत. तो म्हणाला, दुसरे नाहीत ना. पालथ्या घड्यावर पाणी.

दुसरी एकच गोष्ट होती, माझी आई. त्या सकाळचं बघितलेली ती एकटीच शिल्लक होती. काय बघितलं ते तिने मलाही धड सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, "तुला सांगून काय उपयोग? तू माझीच." तिला ते थर्मनच्या तोंडावर सांगायचं होतं, सगळ्या देशासमोर. कारण बदनामीही सगळ्यांसमोरच झाली होती.

आता गंमत ऐका. त्या चॅनेलचा एक नियम आहे. एका नंबरवरून महिन्यातून एकदाच फोन. हा नियम आईला पाठ, कोणी मोडला तर ती इथे बसून त्याचा उद्धार करायची. आणि बुधवारी, कुठल्याशा पाहुण्याने कुठल्याशा राष्ट्राध्यक्षाच्या बायकोचं माहेर चुकीच्या राज्यात सांगितलं, म्हणून आईने ऑक्सिजनची नळी नाकाला लावलेली असताना फोन केला होता. त्याला सुधारलं. समाधानाने झोपली. शुक्रवारी थर्मनच्या कार्यक्रमाची घोषणा झाली.

"आई, कशाला गं केलास तो फोन? कोणाच्या बायकोचं माहेर कुठे का असेना!"

"चूक ती चूक," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "लोरीन, आता काय करायचं?" असा प्रश्न तिने मला जन्मात विचारला नव्हता.

मोबाईलला आमच्या दरीत रेंज येत नाही. डोंगरावर येते, पण आईला डोंगरावर नेणार कशी? शेजारी एकच घर, कुंपणापलीकडे, एमिल सॅबोलचं. स्फोटात एमिलचे वडील गेले तेव्हा तो त्याच्या आईच्या पोटात होता. ऐंशी वर्षं शेजारी राहून हा माणूस आमच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. माझ्या लग्नात आला नाही, नवऱ्याच्या मयताला आला नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी गेले.

एमिल स्वयंपाकघरात कोबी चिरत होता. मी सगळं सांगितलं. त्याची सुरी थांबली नाही.

"म्हणजे माझ्या फोनवरून तुझी म्हातारी सांगणार की तिचा बाप देवमाणूस होता."

"काय सांगणार ते तिचं तिला माहीत. एमिल, ती जगत नाही आता. हात जोडते तुला."

"जोडू नकोस, शोभत नाही तुला. गेल्या वर्षी माझ्या कोंबड्यांना वेडंवाकडं बोलताना कुठे गेले होते हात?"

"तुझ्या कोंबड्या माझ्या वाफ्यात होत्या!"

त्याने चिरलेला कोबी पातेल्यात लोटला. मग सुरी धुऊन ठेवली. "बिनवायरचा फोन आहे," तो शेवटी म्हणाला. "तुमच्या खिडकीपर्यंत पोचेल कदाचित. पण मी तिथे उभा राहणार. फोन माझा आहे. ती काय बोलते ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

रविवारी त्याने फोनची बैठक वायर जोडून आपल्या ओट्याच्या कडेला आणून ठेवली आणि स्वतः आमच्या अंगणात, आईच्या खिडकीशी उभा राहिला. आत ये म्हटलं, आला नाही. आईने केस विंचरून घेतले होते, निळा ब्लाउज घातला होता. फोनवर कपडे दिसत नाहीत हे मी बोलले नाही.

थर्मन अर्धा तास बोलला. पाईपपाशी आला तेव्हा त्याने मुद्दाम आवाज खाली आणला, नाटकातल्यासारखा. आईचे ओठ पांढरे पडले. फोनच्या लाईनी खुल्या झाल्याचं नीलने सांगितलं आणि मी एमिलच्या फोनवर बटणं दाबायला लागले. एंगेज. एंगेज. एंगेज. खिडकीबाहेर एमिल पुटपुटला, "जोरात दाबून लवकर लागत नसतो." मी त्याला काही तरी बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लागला. आतली मुलगी भराभर म्हणाली, नाव, गाव, विषय, आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद ठेवा. हे शेवटचं आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती. टीव्हीवरचं चित्र फोनच्या कितीतरी मागून येतं. नवशिके लोक फोनवर बोलता बोलता टीव्हीत स्वतःचाच आवाज ऐकतात आणि गोंधळून गप्प होतात. अशा प्रत्येकाला आई या पलंगावरून ओरडायची, "टीव्ही बंद कर, गाढवा!" मी आवाज बंद केला. चित्र राहू दे, आई म्हणाली. "त्याचं तोंड बघायचंय मला."

मी फोन तिच्या कानाला धरला. तिचे डोळे लख्ख होते. फोनमधून नील मलाही ऐकू येत होता.

"वेस्ट व्हर्जिनियाहून लिडा, बोला. थांबा, या आमच्या लिडाबाई का? अहो, बुधवारीच बोललात ना तुम्ही?"

मी फोन तिच्या कानाशी आणखी दाबून धरला.

"हो," आई म्हणाली. ती खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत. "पण आज माझ्या घरचं आहे."

नील म्हणाला, "बोला तर मग, लिडाबाई." भला माणूस. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

"श्टेफान हृश्का माझे वडील," आई म्हणाली. तिला प्रत्येक वाक्यानंतर दम घ्यावा लागत होता. थर्मन खुर्चीत पुढे सरकला असणार, टीव्हीवर तो अजून पाणीच पीत होता. "तुम्ही पाईप म्हणालात. त्यांचा पाईप होता, खरंय. काळा. रोज बरोबर न्यायचे." तिने नळीतून हवा ओढली.

आणि टीव्हीतून आईचा आवाज आला, खणखणीत. *श्टेफान हृश्का माझे वडील.*

दुसरा रिमोट तिच्या पांघरुणात होता. तिला थर्मनचं उत्तर ऐकायचं होतं, म्हणून दम घेता घेता तिने आवाज वाढवला होता. आई, जिने इतकी वर्षं सगळ्या देशाला गाढव म्हटलं, ती.

ती वळून टीव्हीकडे बघत राहिली. तोंड उघडं. जन्मात पहिल्यांदा कोणी तरी टीव्हीवर तिच्या वडिलांचं नाव शिवीसारखं न घेता घेतलं होतं, आणि ते ऐकताना आपल्याला पुढे बोलायचं आहे हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही. ती ऐकत होती. मी तिचा खांदा हलवला, "आई, बोल! आई!" रिमोट शोधायला पांघरूण उपसलं, ऑक्सिजनची नळी ओढली गेली, एमिल खिडकीतून हात घालून ओरडला, "बोल ना, बाई!"

"लिडाबाई? आहात का? गेल्या वाटतं. फोन तुटला."

मग फोनमध्येच थर्मन. "पण फार मोलाचं आहे हे, नील. खुद्द मुलीने सांगितलं की पाईप रोज बरोबर असायचा. कंपनीच्या कागदांत नेमकं हेच आहे."

"नेवाडाहून पुढचा फोन."

मी फोन हिसकावला. नुसता गुंईं आवाज. पुन्हा लावला, पुन्हा, पुन्हा. कितव्या वेळी कुणास ठाऊक, ती आतली मुलगी आली. मी किंचाळलेच, तिचं बोलणं पुरं झालं नाही, उलट अर्थ निघाला, एक मिनिट द्या, अर्धं द्या.

"मॅडम, या नंबरचा फोन झालेला आहे. पुढच्या महिन्यात जरूर करा."

"पुढच्या महिन्यात ती नसेल!"

"सॉरी, मॅडम," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं असावं. फोन ठेवला तिने.

मी पुन्हा पुन्हा बटणं दाबत होते तेव्हाच टीव्हीवर थर्मन मागाहून येऊन ठेपला होता. *खुद्द मुलीने सांगितलं*. आई ऐकत होती, आणि तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर उतरत गेला. हे कार्यक्रम ते जपून ठेवतात, कोणीही केव्हाही बघू शकतं. ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ऐंशी वर्षांत कंपनीला जे साधलं नव्हतं ते आता झालं होतं. हृश्काच्या मुलीचीच साक्ष मिळाली होती.

"मी संपवलं नव्हतं," आई म्हणाली. "लोरीन, सांग त्यांना. माझं संपलं नव्हतं."

"हो, आई."

"फोन दे."

मी तो मेलेला फोन तिच्या हातात दिला. दुसरं काय देणार? तिने तो कानाला लावला आणि जिथे सोडलं होतं तिथून सुरू केलं, थर्मनला उद्देशून, दम घेत घेत.

"त्या दिवशी ते विसरले. पाईप स्वयंपाकघरात खिडकीत राहिला. आईने मला पिटाळलं. मी पाईप घेऊन फाटकापर्यंत गेले. ते पाळीच्या रांगेत होते. म्हणाले, घरी ने, बाळ, आत चालत नाही. कधीच आत नेत नाही मी, फाटकावरच्या माणसाकडे ठेवतो. घरी ने. मी घरी आणला. स्फोट झाला तेव्हा तो माझ्या हातात होता. खाणीत सापडला म्हणून कंपनीने आईला जो आणून दिला तो कुणाचा होता, देवाला ठाऊक. आमच्याकडे दोन पाईप झाले. आई म्हणाली, कुणाला बोलू नकोस, घर कंपनीचं आहे, बाहेर काढतील." तिने फोन खाली ठेवला. "एवढंच."

मी भिंतीला टेकून रडत होते, लाज न बाळगता. टीव्हीवर नेवाडाचा माणूस चांदीच्या खाणींबद्दल विचारत होता. मला वाटलं एमिल निघून गेला असेल. तो खिडकीच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभा होता, अंगणात पडता पडता सावरल्यासारखा.

"खरं बोलतेस?" त्याने विचारलं.

ती खोटं बोलत नाही हे दरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नीलने विचारलं तरी खोटं बोलली नव्हती.

"ऐंशी वर्षं," एमिल म्हणाला. "ऐंशी वर्षं शिव्या घालायला मला तुझा बाप होता, लिडा. रोज सकाळी तुमच्या घराकडे बघून थुंकायचो मी. माझी आई मरताना त्याचंच नाव घेऊन मेली. मग माझ्या बापाला मारलं कोणी? सांग ना. आता मी कोणाला धरू?"

आईने डोळे मिटले. मी पुढे झाले, नळी नीट केली. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही.

"मला काय माहीत, एमिल?" ती म्हणाली. "मी सात वर्षांची होते रे."