पोटावर 'हरि' असलेली टोपली

मी एक जुनी टोपली आहे, मित्रांनो. बांबूची नाही, वेताची नाही, रद्दी कागदाच्या लगद्याची. रंग म्हणाल तर शिळ्या भाकरीचा. काठाला लाल लुगड्याची पट्टी. आणि पोटाच्या एका अंगाला, उजेडात नीट धरलं तर दिसेल, एक शब्द आहे : 'हरि'. हा शब्द माझ्यावर कोणी मागाहून लिहिलेला नाही. तो माझ्या आधीचा आहे. त्याच्यापायी मी एकदा बुडता बुडता राहिले आणि त्याच्याच पुण्याईनं आजवर टिकले. ती हकीकत सांगते. कीर्तनाला बसता तसे मांडी घालून बसा. मधे एखादी डुलकी लागली तरी हरकत नाही, बुवांना त्याची सवय असते.

माझा जन्म नागपूरचा, टिमकीतल्या विणकरांच्या गल्लीतला. साल असेल एकोणीसशे सदुसष्ट-अडुसष्ट. मारोतरावांच्या घरात हातमागावर लुगडी विणली जात. वैशाख तापला होता, सूत यायचं होतं म्हणून माग गप्प होता, आणि त्यांच्या वच्छलाच्या शाळेला सुट्टी लागली होती. पोरगी सकाळपासून आईच्या पदराला धरून एकच विचारायची, "आता काय करू? आता काय करू?" शेवटी तिची आई रुख्माबाई म्हणाली, "रद्दी गोळा कर वं. टोपली करू आपण. पापड ठेवाले कामी येईन."

आणि मग घरभर शोधाशोध झाली. लग्नाच्या जुन्या पत्रिका निघाल्या, साखरेच्या पुड्यांचे कागद निघाले, सिनेमाच्या जाहिरातीचे गुलाबी कागद निघाले, वच्छलाचे परीक्षेचे पेपर निघाले. एवढ्यानं टोपली काही होईना. तेव्हा रुख्माबाईनं फडताळातून आणखी एक गठ्ठा काढला. पेन्सिलीनं लिहिलेली सुटी पानं होती. तिला वाचता येत नव्हतं. पोरीचाच जुना अभ्यास असेल असं समजून तिनं तोही पाण्यात सोडला.

कागद भिजून भिजून सायीसारखे मऊ झाले, तेव्हा ते पिळून उखळात घातले. वरून आईचं मुसळ, मधूनच लगदा सारखा करायला लेकीचा हात. त्यात वाटलेली मेथी पडली, कारण मेथीच्या कडूपणानं किडा लागत नाही. चिंचोक्यांची खळ पडली, त्यानं लगदा एकमेकाला धरून राहतो. मग पितळेचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, पालथा घातला, त्याच्यावर ओलं फडकं पसरलं आणि त्या फडक्यावर मला थापायला सुरुवात झाली.

"सारखं थाप वं," रुख्माबाई म्हणाली. "इकडं जाडी, तिकडं पातळ. सासरी भाकर अशीच थापशीन का?"

"सासरी मी टोपल्याच करीन," वच्छला म्हणाली.

"अन् नवऱ्याले काय खाऊ घालशीन? लगदा?"

अशा हसण्याखिदळण्यात माझं अंग घडलं. आमच्या नागपूरचं ऊन तर ठाऊकच आहे तुम्हाला, त्यानं मला खडखडीत वाळवलं. गंजावरून मी अलगद सुटले तेव्हा पोरीनं मला डोक्यावर उपडी घातली आणि ती ओसरीभर नाचली. मारोतरावांनी मला टिचकी मारून पाहिलं. "हे तं पाण्याच्या थेंबानं विरघळून जाईन," असं म्हणून त्यांनी मला आतून-बाहेरून जवसाचं तेल चोळलं, वाळू दिलं आणि पुन्हा चोळलं. रुख्माबाईनं जुन्या लुगड्याची पट्टी काठाला शिवली. किती सुखाचे दिवस होते ते! इथवर झाला माझा पूर्वरंग.

पापड भरायची वेळ आली. वच्छलानं मला दारातल्या उजेडात धरलं आणि ती एकदम थांबली.

"आई, इथं 'हरि' लिहिलं आहे."

नखाएवढा एक कपटा मुसळाखालून सुटला होता. पेन्सिलीचं अक्षर पाण्यानं पुसत नाही. तेलानं तर ते उलट ठळक दिसत होतं.

"कोणी लिहिलं? तू?"

"मी नाही. हे आपल्या आबांचं अक्षर आहे. त्यांच्या 'ह'चं पोट असंच मोठं असते."

आबा म्हणजे मारोतरावांचे वडील. गल्लीत सगळे त्यांना बापूजी म्हणत. दिवसा माग आणि संध्याकाळी कीर्तन, असा त्यांचा सारा जन्म गेला होता. गावात कुठंही बुवा उभे राहिले की बापूजी पहिल्या ओळीत, मांडीवर कागद, कानावर पेन्सिल. मनाला भिडलेलं वाक्य तिथल्या तिथं उतरवून घ्यायचे. आता मोतीबिंदूनं त्यांना दिसेनासं झालं होतं. पण दर एकादशीला मारोतराव तो गठ्ठा त्यांच्या हाती देत, आणि म्हातारा त्याला कपाळ टेकवून नमस्कार करी. एरवी तो लाल फडक्यात बांधलेला असायचा. घराला चुना दिला तेव्हा फडकं धुवायला निघालं आणि मारोतरावांनी गठ्ठा तसाच उघडा फडताळात टाकला. लाल फडक्यातला गठ्ठा रुख्माबाईनं कितीदा तरी पाहिला होता. उघडी पानं तिनं कधीच पाहिली नव्हती.

तिनं पोरीच्या हातातून मला ओढून घेतलं. "अवं माय! मी देवाचं नाव मुसळानं कुटलं."

त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. गल्लीच्या देवळात कीर्तन चालू होतं, टाळांचा आवाज थेट घरात यायचा. आधी ती हातातलं काम टाकून जायची. आता दार ओढून घ्यायची आणि म्हणायची, "कोणत्या तोंडानं जाऊ?" मला जमिनीवर ठेवायची तिला भीती वाटे, माझ्यात पापड भरायचीही भीती वाटे. तिनं मला देवापुढं पाटावर ठेवलं, पण माझ्याकडं बघायची नाही. मला फार सांगावंसं वाटे की बाई, तुझं मुसळ मला लागलंच नाही गं, लागली ती तुझी माया. पण टोपलीला कुठं वाचा असते?

मारोतरावही खजील झाले होते. "फडकं मीच काढलं, चूक माही आहे," ते म्हणत. पण बापूजींना सांगायची हिंमत दोघांनाही होईना, आणि एकादशी जवळ येत होती.

शेजारच्या अनुसयाबाईच्या कानावर हे गेलं. बाई मोठी खटपटी. "एवढं काय घेऊन बसली वं रुख्मे? गांधीसागरात सोडून दे. देवाचं नाव पाण्यात गेलं का दोष फिटला."

"अन् मामाजीले काय सांगू?" सासऱ्यांना ती मामाजी म्हणे.

"उंदरानं कुरतडले म्हणून सांग."

"अन् देवाले?"

अनुसयाबाई पिच्छा सोडीना. शेवटी एकादशीच्या सकाळी मला घेऊन तिघी गांधीसागर तलावावर आल्या, रुख्माबाई, अनुसयाबाई आणि रडून डोळे लाल केलेली वच्छला. मित्रांनो, मी जेमतेम दहा-बारा दिवसांची होते. अजून एक पापडसुद्धा माझ्यात पडला नव्हता.

रुख्माबाईनं मला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, हात जोडले आणि मला पाण्यात सोडलं.

मी बुडले नाही! मारोतरावांचं जवसाचं तेल पाण्याला आत येऊ देईना. मी बदकासारखी डुलत थोडी आत गेले. तेवढ्यात वारा फिरला आणि मी डुलत डुलत परत पायरीला येऊन लागले. अनुसयाबाईनं मला जोरात ढकललं. मी पुन्हा परत आले.

घाटावर कपडे धुणारी एक बाई हातातलं धुणं टाकून ओरडली, "अवं पाहा! देवाच्या नावाची टोपली बुडून नाही राहिली!" पाण्यावर तरलेल्या अभंगांच्या पानांची कथा कीर्तनात कोणी ऐकली नसेल? बघता बघता माणसं जमली. कोणी हात जोडले, कोणी फूल टाकलं, एकानं तर "हरि विठ्ठल" म्हणून टाळ्याच धरल्या.

"आई, बाबानं जवसाचं तेल लावलं ना, म्हणून..." वच्छला सांगू लागली.

"गप वं!" अनुसयाबाईनं तिला दटावलं. मग रुख्माबाईच्या कानाशी लागून म्हणाली, "एक गोटा टाक त्याच्यात. मग जाईन खाली."

रुख्माबाईनं दगड उचलला. मी खालून तिचा चेहरा पाहत होते. दगड माझ्यावर धरलेला होता. मग तिनं तो बाजूला टाकला, गुडघाभर पाण्यात शिरून मला उचललं आणि छातीशी धरलं.

"नाही होत माह्याच्यानं," ती म्हणाली. "कुटलं ते नकळत. बुडवीन तं कळून-सवरून होईन. चल वच्छे घरी. जे होईन ते मामाजीच्या पुढं होईन."

आम्ही घरी निघालो तर अर्धा घाट मागं. गल्लीत शिरेपर्यंत टाळही आले. बापूजी ओसरीवर माळ घेऊन बसले होते. गलका ऐकून त्यांनी मान वर केली. "काय वं सूनबाई? काहून एवढी गर्दी? बुवा आले का?"

रुख्माबाईनं मला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. उंदराचं नाव घेतलं नाही.

 बापूजींची बोटं माझ्या काठावरून फिरली, पोटावरून फिरली. माग थांबल्यावर घरात पडते तशी शांतता पडली. 

"सगळेच कागद गेले?"

"हो, मामाजी."

"हरि कुठं राहिला म्हणते?"

वच्छलानं त्यांचं बोट धरून त्या शब्दावर टेकवलं. म्हाताऱ्यानं त्या शब्दावरून बोट फिरवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग, मित्रांनो, तो हसायला लागला.

"मारोती, माह्यं अक्षर तुले वाचता येत होतं का?"

"नाही जी," मारोतराव म्हणाले. "निस्ता 'हरि' तेवढा लागायचा."

"मलेही दुसऱ्या दिवशी लागत नव्हतं!" बापूजी म्हणाले. "जन्मभर ऐकलं अन् फडक्यात बांधून ठेवलं. कोणाले एक ओळ दिली नाही. ऐकलेलं वाटावं लागते वं सूनबाई, ते मी केलं नाही. तू गठ्ठा सोडला म्हणून आता ते होईन. ऊठ, रडू नको. भर हिच्यात काही आणि वाट लोकाले."

"लाह्या आणते," रुख्माबाई डोळे पुसत उठली.

"अवं, आज एकादशी आहे ना!" अनुसयाबाई ओरडली, आणि सगळी ओसरी हसली. मग शेंगदाणे आणि गूळ आला. माझ्या पोटात पहिल्यांदा काही पडलं ते हे. रुख्माबाईनं प्रत्येकाच्या हातावर ठेवलं, आणि शेवटी बापूजींनी आपल्या हातानं तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला. तो तिच्या घशाखाली उतरला तेव्हा माझ्या अंगातली गाठ सुटली. संध्याकाळी ती मला कडेवर घेऊन कीर्तनाला गेली आणि पहिल्या ओळीत बसली.

पुढं कितीतरी वर्षं मी त्या देवळाच्या खिरापतीची टोपली होते. आरती झाली की माझी फेरी निघे. बुवा कौतुक करीत, पोरं दोनदा घेऊन तिसऱ्यांदा तोंड लपवून हात पुढं करीत. पेटीचा सूर, बुक्क्याचा वास आणि ओलं खोबरं, असं माझं आयुष्य होतं. बापूजी गेले त्या सप्ताहातही मीच फिरले. वच्छला लग्न होऊन नागपुरातल्याच नंदनवनला गेली. मग इतवारीच्या बाजारातून स्टीलची मोठी परात आली, तिच्या मागून प्लॅस्टिकचा लाल टब आला, आणि मी घरी माळ्यावर जाऊन बसले. मागाच्या मोडक्या कांड्या आणि धूळ यांच्या संगतीत मला कोणी विचारेना. उंदरानं एकदा काठ कुरतडून पाहिला, मेथी कडू लागली म्हणून सोडून दिला. मी उंचावर होते, जपून ठेवलेली होते, आणि रिकामी होते. बापूजींचा लाल फडक्यातला गठ्ठा कसा बसून असेल ते तेव्हा मला कळलं.

एका उन्हाळ्यात वच्छला माहेरी आली. तिची मुलगी सकाळपासून तिच्या पदराला धरून विचारत होती, "आता काय करू? आता काय करू?" म्हाताऱ्या रुख्माबाईनं माळ्याकडं बोट दाखवलं. मला खाली काढलं, पुसलं. काठाला भोक पडलं होतं. पोरीनं आपल्या चित्रकलेचे कागद भिजवले, आजीनं मेथी वाटली. पण या वेळी कागद पाण्यात टाकायच्या आधी आजीनं एकेक पान नातीकडून वाचून घेतलं! तेवढ्या लगद्यानं माझा काठ भरून निघाला. तेलाचा हात द्यायला मारोतराव काठी टेकत आले. पोरीनं मला उजेडात धरलं आणि विचारलं, "आजी, इथं काय लिहिलं आहे?"

"तूच वाच, मले कुठं येते?" रुख्माबाई म्हणाली. पण तिचं बोट अचूक त्या शब्दावर होतं.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात असं काहीतरी असेल, आईनं आणि तुम्ही मिळून केलेलं, कुठं जाड, कुठं पातळ. त्याला जपा. पण जपायचं म्हणून माळ्यावर चढवू नका, फडक्यात बांधू नका. फाटलं तर सांधा, वाळलं तर तेलाचा हात द्या. आणि माझं म्हणाल तर आज देवळात कीर्तन आहे. मला हातात घ्या, भरा, आणि आरती झाली की पार रिकामी करा.