पाचवा पास
शिरोली एमआयडीसीतल्या विजयसिंहच्या शेडमध्ये थोबाडीत मारण्याला 'पास' म्हणत. शब्द मूळचा प्रेसवरचा. पोलादी डायमधल्या, म्हणजे साच्यातल्या, काटकोनात वळलेल्या भोकातून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा दांडा प्रचंड दाबानं रेटायचा, की झाला एक पास. दांडा आत जातो तेवढाच जाड बाहेर येतो, वरून काही कळत नाही. आत मात्र धातूच्या कणांची पार फोडाफोड झालेली असते, आणि कण जितके बारीक, तितका धातू कडक. विजयसिंहची बायको संयोगिता कॉलेजात हेच शिकवायची. नवऱ्यानं त्यातलं सोयीचं तेवढं उचललं.

"हाणल्याबिगर कडक होत न्हाय काय," असं म्हणून तो धाकट्या भावावर, आदर्शवर, हात टाकायचा. तिशी ओलांडलेला बाप्या चारचौघांत गाल चोळत उभा राहायचा आणि कामगार दात काढायचे, "आज किती पास, आदर्शराव?"

काल विजयसिंहनं चार पास झालेला दांडा थंडच पुन्हा डायमध्ये सरकवला.

"दादा, वहिनीनं सांगितलंय, चार पासनंतर तापवून घ्यायचा," आदर्श म्हणाला. "थंड दांडा आता दबत न्हाय. सगळा जोर डायवर येतोय."

विजयसिंहनं अशी ठेवून दिली, की आदर्शचं डोकं प्रेसच्या खांबावर आपटलं. ओठ फाटला, शर्टावर रक्त ओघळलं. "माझ्या प्रेसवर तोंड उघडायचं न्हाय."

आदर्शनं तोंडातलं रक्त गिळलं. राग आला नाही, याचंच त्याला नवल वाटलं. आत काहीतरी फुटून फुटून बारीक झालं होतं आणि आता घट्ट बसलं होतं.

आज सकाळी डाय पुसताना त्याला चीर दिसली. केसाएवढीच, पण भोकाच्या वळणापासून थेट कडेपर्यंत गेलेली. कामगारांना त्यानं चहाला पाठवून दिलं. विजयसिंह आला आणि तसाच चार पास झालेला थंड दांडा घेऊन प्रेससमोर उभा राहिला. सांगावं म्हणून आदर्शनं तोंड उघडलं, तर ओठाची जखम उलली. त्यानं तोंड मिटलं आणि खांबाआड जाऊन उभा राहिला.

दाबाचा काटा चढत गेला. विजयसिंह डायवर वाकला, "जा की भाड्या," म्हणून दांड्याला शिवी हासडली, आणि डाय फुटली. पोलादाच्या ढलपीनं त्याचा उजवा हात कोपरात तोडला. हात कातड्यावर लोंबत होता आणि रक्ताच्या चिळकांड्या पार प्रेसच्या माथ्यापर्यंत उडाल्या होत्या.

आदर्श धावला. शर्ट काढून त्यानं दंडाला करकचून आवळला. एवढं रक्त बघून त्याला रडू येत होतं, तरी गाठ त्यानं नीट बसवली.

"डाय तू पुसलीस न्हवं?" विजयसिंह कण्हत म्हणाला. "चीर दिसली न्हाय?"

"दिसली की."

"मग बोलला का न्हाईस?"

आदर्शनं गाठ आणखी आवळली.

"काल बोललो की, दादा. तवा ह्याच हातानं पास दिलास."