दुसऱ्या कार्डाची पट्टी

"वहिनी, आमचा दादा खोकं फोडतो, पण आतला कागद कधी वाचत नाही. लक्ष ठेव हं," असं धाकट्या नणंदेनं लग्नातच बजावलं होतं. नव्या नवरीनं ते हसण्यावारी नेलं. कागद न वाचणारा नवरा हे काय संकट झालं?

आता बाळ दहा महिन्यांचं झालं होतं आणि मागची खोली त्याच्यासाठी रिकामी करायची होती. तिथं नवऱ्याच्या जुन्या हौशी म्हाताऱ्या होऊन पडल्या होत्या. चष्मा लावून बघायचा थ्रीडी टीव्ही. हातवारे ओळखणारा कॅमेरा, जो हल्ली छताच्या पंख्यालाच खेळाडू समजायचा. आणि मानाच्या जागी खेळांची चित्रं पळवणाऱ्या दोन ग्राफिक्स कार्डांचा कॉम्प्युटर. "एकाच्या जागी दोन, म्हणजे चित्र दुप्पट झरझर!" हे पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकावं लागायचं. नवे खेळ मात्र दुसऱ्या कार्डाला ओळखही दाखवत नव्हते.

विकण्याआधी धूळ झटकावी म्हणून त्यानं कॉम्प्युटर उघडला आणि ओरडलाच, "अगं, दोन कार्डांना जोडणारी पट्टी कुठाय?"

तिनं आधी बाळाकडे पाहिलं. ते खाली बसून काहीतरी चघळत होतं.

"केवढी होती?"

"बोटाएवढी."

"कुणाच्या बोटाएवढी? तुझ्या की त्याच्या?"

"आठ वर्षं झाली गं, कुठं आठवतंय!"

तिनं बाळाच्या तोंडात बोट घातलं. निघाली ती टीव्हीच्या चष्म्याची काडी. शिवाय कालपर्यंत नसलेला एक दात सापडला, त्यानं तिचं बोटच धरून ठेवलं. पण पट्टी? गिळली असेल तर? एका पायात स्वतःची, दुसऱ्यात नवऱ्याची चप्पल अडकवून ती डॉक्टरकडे निघाली आणि गाडी मागवायला तिनं नणंदेला फोन लावला.

पट्टीचं ऐकताच नणंद म्हणाली, "थांब वहिनी. कार्डांचं मूळ खोकं बघितलंत का?"

'पुढे किंमत येईल' म्हणून ते माळ्यावर जपलेलं होतं. आत कोरं करकरीत माहितीपत्रक, त्यावर पहिल्याच ओळीत 'पट्टी लावल्याशिवाय दुसरं कार्ड चालणार नाही', आणि त्याखाली सीलबंद पाकिटात पट्टी!

तिनं बाळाचे पटापट मुके घेतले आणि मग ती नवऱ्याकडे वळली. "म्हणजे आठ वर्षं दुसरं कार्ड नुसतंच बसून होतं?"

"पण मला फरक जाणवायचा गं!"

"खोली तापायची, तो फरक!" नणंद फोनवरूनच म्हणाली.

तेव्हापासून नवरा घरातली सगळी माहितीपत्रकं मांडीवर घेऊन बसलाय. सुरुवात मिक्सरपासून केली. आता बाबागाडीच्या पत्रकाशी पोचलाय आणि त्यातलं चित्र गाडीच्या चाकांशी पुन्हापुन्हा ताडून बघतोय. बाळ तिच्या कडेवर आहे आणि खाली ठेवायची तिची तयारी नाही.

तुमच्याकडेही असा दोन-दोन कार्डांचा हौशी असेल, तर तिचं तुम्हाला एवढंच सांगणं आहे, जरा आतल्या खोलीत डोकावून या. जेवलाय का विचारा. पट्टी लावली होती का, ते जेवण झाल्यावर.