बॅगेचं पोट

बाबांचं दुकान म्हणजे बॅगांचा दवाखाना. तुटलेले बंद, उसवलेल्या कडा, रुसलेल्या चेनी, सगळ्यांवर तिथे इलाज व्हायचा. बाबांची लेक शाळा सुटली की काउंटरमागे बसायची. बाबा तिला ‘बडबडे’ म्हणायचे, लाडात असले तरी आणि वैतागले तरी.

दर शुक्रवारी बडबडी दुकानाच्या ऑनलाइन पानावर एका बॅगेची गोष्ट टाकायची. नियम एकच: खरं तेच लिहायचं, तिखटमीठ लावायचं नाही. त्या खरेपणावर अकरा हजार वाचक जमले होते! लोक कुठून कुठून फाटक्या बॅगा घेऊन यायचे आणि म्हणायचे, “आमच्याही बॅगेची गोष्ट लिही गं.” बडबडीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

बाबांचाही एक नियम होता. “बॅगेचं पोट कुणाला दाखवायचं नाही. गिऱ्हाईक आपल्यापुढे अस्तर उलटतं, ते डॉक्टरपुढे जीभ काढावी तसं. त्याचा बोभाटा करायचा नसतो.”

या शुक्रवारी तिने नेमकं पोटच दाखवलं. एका काकूंनी तपकिरी बॅगेच्या अस्तराखाली चोरखिसा शिवून घेतला होता, पासपोर्टच्या मापाचा, चाचपूनही हाताला लागणार नाही असा. उलट्या अस्तराचा फोटो काय झकास आला होता! खाली तिने लिहिलं, ‘नाव सांगणार नाही. पण आज पाचला ती ही बॅग नेईल आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनाने घराबाहेर पडेल.’ लाल बदामांचा नुसता पाऊस पडला.

साडेचारला एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. बाबा रेक्झिन आणायला गेले होते.

“ही बॅग इथेच आहे ना?” त्यांनी मोबाइल पुढे धरला. “कडेचा हा शाईचा डाग माझ्याच पेनाचा. बायकोची बॅग आहे. न्यायला आलोय.”

बॅग काउंटरखाली होती, बडबडीच्या गुडघ्यांना टेकलेली.

“ती... ती सकाळीच नेली त्यांनी.”

गृहस्थ हसले. “बाळ, तुझी एकूण एक गोष्ट वाचलीये मी. तू बोलताना खोटं बोलतेस, लिहिताना नाही. पाचला येणार, असं तूच लिहिलंयस ना? बसतो मी.”

आणि ते दारातल्या स्टुलावर बसले. दारातच! काकूंचा नंबर बाबांच्या मोबाइलमध्ये होता आणि बाबा बाजारात. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. मी बोलले तर खोटं, लिहिलं तर खरं. मग...

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. बाबा.

“बडबडे, काळं रेक्झिन संपलंय. चॉकलेटी चालेल?”

“हो काकू,” ती म्हणाली.

“काकू? डोकं ठिकाणावर आहे का?”

“अय्या, बॅग न घेताच निघालात? बरं, बरं. लिहिते मी तसं. सगळे वाट बघतायत.”

तिने फोन ठेवला. गृहस्थ उठून काउंटरपाशी आले होते, इतके जवळ की त्यांच्या साबणाचा वास येत होता.

“काय म्हणाली?”

“वाचा ना,” ती कशीबशी म्हणाली आणि अंगठ्याने लिहू लागली. ‘ताजी खबर! ती बॅगेसाठी थांबलीच नाही. आत्ता बंदरावर आहे, पाचच्या बोटीत चढतेय.’ आजवर लिहिलेलं पहिलं खोटं. अकरा हजार जणांना एकदम.

गृहस्थांचा मोबाइल किणकिणला. त्यांनी वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं. पुन्हा वाचलं.

“लिहिताना नाही,” ते स्वतःशीच पुटपुटले आणि धावत सुटले. बंदर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं.

पाचला तीन मिनिटं असताना काकू आल्या. बडबडीने सगळं एका दमात सांगितलं, रडत, अडखळत. काकू ओरडल्या नाहीत. बॅग उचलली, मागच्या दाराकडे वळल्या आणि फक्त म्हणाल्या, “मला बोट लागते गं. निदान आगगाडीत तरी बसवायचंस.” पण त्यांचे ओठ पांढरेफटक पडले होते.

बाबा आले. सगळं ऐकून खाली बसले. बराच वेळ हातातल्या चॉकलेटी रेक्झिनची गुंडाळी उलगडत राहिले, परत गुंडाळत राहिले. “पोट दाखवू नको म्हटलं होतं,” एवढंच म्हणाले. ती ओरडा खायला तयार होती. त्यांनी ओरडायला हवं होतं.

ती दोन्ही पोस्ट पुसायला बसली. बोटीच्या पोस्टखाली तीनशे शुभेच्छा होत्या. सगळ्यात वर नुकतीच आलेली एक ओळ होती, बिनफोटोच्या, बिननावाच्या खात्यावरून:

‘ती बोटीत नव्हती. मी तुझा जुना वाचक आहे, बाळ. पुढच्या शुक्रवारी खरं लिही.’

बाबांनी शटर खाली ओढलं.